गणपती करून जावे की दिवाळी करून?

मुंबईहून सुट्टीला येतो तो चाकरमानी, ही आमच्या कोकणातली जुनी व्याख्या. आता कुडाळच्या आसपासच्या कितीतरी घरांतला चाकरमानी मस्कतला, दुबईला नाहीतर जहाजावर असतो. नोकरी समुद्रापलीकडे गेली. घर, बाग, बँकेतली ठेव आणि गणपती मात्र इथेच राहिले. अशा घरांत एक वाक्य मी हमखास ऐकतो, "पगार थंयसर मिळता, मगे हंयसर कसलो टॅक्स?"

प्रश्न रास्त आहे. पण आयकर कायदा पगाराचे गाव विचारण्याआधी माणसाचे दिवस मोजतो. 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात, नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक 182 दिवस वा अधिक इथे राहिला तर तो निवासी. कमी राहिला तर सहसा अनिवासी. निवासी माणसाचे जगभरातले उत्पन्न इथे मोजले जाते, अनिवासीचे फक्त भारतातले.

आता कॅलेंडर उघडा. 1 एप्रिलपासून मोजत गेले की 28 सप्टेंबरला 181 दिवस भरतात. म्हणजे नव्या नोकरीसाठी गणपती करून निघालेला आणि मार्चपर्यंत न परतलेला मुलगा बहुधा अनिवासी ठरतो. "दिवाळी करून जा रे," असे आईने म्हटले आणि तो थांबला, तर त्या वर्षापुरता निवासी! मग मार्चपर्यंतचा तिथला पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो, तिथले बँक खातेही. आखातात पगारावर आयकर नसल्याने, तिथे भरलेला कर इथे वजा करण्याचाही प्रश्न येत नाही. एकूण उत्पन्न थोडे असेल तर कर शून्य येईल. पण लपवले तर 2015 चा काळ्या पैशाचा कायदा आडवा येतो आणि त्यातला दंड लाखांत आहे.

अनिवासी झाले म्हणजे सारे सुटले, असेही नाही. कुडाळातल्या गाळ्याचे भाडे, इथल्या ठेवीचे व्याज यांवर कर इथेच. जुने बचत खाते तसेच न ठेवता एनआरओ करून घ्यावे लागते. परदेशी कमाई एनआरई खात्यात ठेवली तर तिचे व्याज करमुक्त असते. सुट्टीवर येणाऱ्यालाही 182 दिवसांचीच मर्यादा आहे. मात्र भारतातले उत्पन्न 15 लाखांवर असेल तर 2020 च्या दुरुस्तीने ती 120 वर आणली. खलाशांसाठी सीडीसीवरच्या चढल्या-उतरल्याच्या तारखांवरून दिवस मोजण्याचा नियम 2015 साली आला. 1961 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2025 च्या कायद्यानेही दिवसांचे हे गणित कायम ठेवले आहे.

या गणितात आईचे आजारपण, बहिणीचे लग्न, घराची शाकारणी यांना वेगळा रकाना नाही. 2020 च्या मार्चमध्ये विमाने थांबली तेव्हा अडकून पडलेल्यांचे 22 ते 31 मार्चचे दिवस सरकारने त्या वर्षाच्या मोजणीतून वगळले. तसा अपवाद घरोघरच्या अडचणींना मिळत नाही. आजारी आईपाशी मुलाने खुशाल जास्त राहावे. दिवस मोजून माया करता येत नाही. फक्त पासपोर्टवरच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. आमच्याकडे नारळ मोजून घेतात, आंबे मोजून घेतात. तेवढ्याच सहजपणे दिवसही मोजावेत.