पन्नासच्या काट्यावरचा तोल : देशाचे वीजजाळे कसे चालते

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे संपूर्ण वीजजाळे कोसळले. दिवसभराच्या प्रयत्नांनी पुरवठा पूर्ववत झाला. परंतु ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही क्षेत्रीय जाळी एकाच वेळी बंद पडली. सुमारे ६० कोटी लोकांच्या वस्तीचा प्रदेश विजेविना राहिला. शेकडो रेल्वेगाड्या वाटेत थांबल्या, दिल्लीची मेट्रो ठप्प झाली. पश्चिम बंगालमधील कोळसा खाणींत वरखाली नेणारे पाळणे बंद पडल्याने सुमारे दोनशे कामगार भूगर्भात अडकले; त्यांना पुढे सुखरूप बाहेर काढण्यात आले.

या घटनाक्रमाची सुरुवात मध्य प्रदेशातील एका वीजवाहिनीपासून झाली. ती वाहिनी तुटली नव्हती, तिच्यावर झाड पडले नव्हते, वीजही कोसळली नव्हती. तरीही तिच्या संरक्षणासाठी बसवलेल्या यंत्रणेने तिला जाळ्यातून वेगळे केले. असे का झाले, याचे उत्तर शालेय पाठ्यपुस्तकातील एका साध्या नियमात दडलेले आहे.

वीजमंडल म्हणजे बंद वाट

वीज वाहण्यासाठी अखंड वाट लागते. उगमापासून निघून उपकरणातून जाणारी आणि पुन्हा उगमापाशी येऊन मिळणारी ही वाट म्हणजे विद्युतमंडल. बटण बंद करणे म्हणजे ही वाट एका ठिकाणी तोडणे. उघड्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का बसत नाही, याचे कारणही हेच. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि त्याच्या शरीरातून पुढे जाण्यासाठी विजेला दुसरी वाट मिळत नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने मात्र तीच तार धरली, तर त्याच्या शरीरातून जमिनीपर्यंतची वाट पूर्ण होते आणि ती प्राणघातक ठरते.

घरातील उपकरणे या वाटेवर एकापुढे एक जोडलेली नसतात. प्रत्येकाला स्वतंत्र फाटा दिलेला असतो. पूर्वीच्या दिवाळीतील दिव्यांच्या माळेत एक दिवा गेला की सारी माळ विझत असे, कारण तिथे सर्व दिवे एकाच ओळीत गुंफलेले असत. घरात तसे होत नाही. स्वयंपाकघरातील दिवा गेला तरी पंखा फिरत राहतो. मात्र या सोयीची दुसरी बाजू अशी, की जितकी उपकरणे सुरू होतील, तितकी मुख्य तारेतून वाहणारी धारा वाढत जाते.

दाब, धारा आणि रोध

विजेच्या प्रवाहाचे वर्णन तीन राशींनी करता येते. पाण्याच्या टाकीची उंची वाढवली की नळाला जोर येतो, त्याप्रमाणे विजेला पुढे ढकलणारा जोर म्हणजे विद्युतदाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह म्हणजे विद्युतधारा. तिचे एकक अँपिअर. प्रवाहाला होणारा अडथळा म्हणजे रोध. त्याचे एकक ओहम. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये या तिघांचे नाते मांडले. दाबाला धारेने भागले असता रोध मिळतो.

दाब आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती वॅटमध्ये मोजतात. भारतातील घरांना २३० व्होल्ट दाबाने वीज मिळते. २,००० वॅटचा गीझर या दाबावर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो. तो एक तास चालला, तर दोन युनिट वीज खर्च होते, कारण १,००० वॅटचे उपकरण तासभर चालवणे म्हणजे एक युनिट.

रोध अचानक नाहीसा झाला तर काय होते? दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या की धारेला जवळजवळ कोणताच अडथळा राहत नाही. ती एकदम शेकडो अँपिअरपर्यंत चढते आणि तारा तापून आग लागू शकते. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. अशा वेळी फ्यूजची तार वितळते किंवा एमसीबी खाली पडतो आणि वाट तुटते. मोठ्या वीजवाहिन्यांवर हेच काम संरक्षक रिले करतो. तो वाहिनीवरील दाब आणि धारा सतत मोजतो व त्यांचा भागाकार करतो. उत्तर फार लहान आले, की वाहिनीवर बिघाड झाल्याचे मानून तो ती तोडण्याची आज्ञा देतो. पुढील हकिकतीसाठी ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

चार लाख व्होल्ट कशासाठी

घरात २३० व्होल्ट पुरत असताना माळरानावरील उंच मनोऱ्यांवरून ४ लाख किंवा ७ लाख ६५ हजार व्होल्टच्या वाहिन्या कशासाठी नेल्या जातात, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तारेच्या तापण्यात आहे. धारा वाहताना तार तापते आणि तेवढी वीज वाया जाते. ही हानी धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली तर हानी चौपट होते.

एक मेगावॅट शक्ती २३० व्होल्टने पाठवायची झाली, तर सुमारे ४,३५० अँपिअर धारा लागेल. तीच शक्ती ४ लाख व्होल्टने पाठवली, तर साध्या हिशेबाने अवघी अडीच अँपिअर धारा पुरते. तार तीच असेल, तर हानी सुमारे तीस लाख पटींनी घटते. म्हणूनच वीजकेंद्रातून बाहेर पडताना रोहित्राच्या साहाय्याने दाब चढवला जातो. गावाजवळच्या उपकेंद्रांत तो टप्प्याटप्प्याने उतरवून शेवटी ११ हजार व्होल्टवर आणि गल्लीतील रोहित्रातून २३० व्होल्टवर आणला जातो.

रोहित्र केवळ प्रत्यावर्ती धारेवर, म्हणजे दिशा सतत पालटणाऱ्या धारेवर काम करते. जगभर प्रत्यावर्ती धारेची पद्धत रुजण्याचे हे प्रमुख कारण आहे. अपवादही आहेत. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विद्युत रेल्वे धावली, ती १,५०० व्होल्टच्या दिष्ट धारेवर. उपनगरी मार्गांवर ही पद्धत पुढे अनेक दशके टिकली आणि नंतर तिची जागा २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेने घेतली.

पन्नास हर्ट्झचा अर्थ

भारतातील प्रत्यावर्ती धारा सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. हीच ५० हर्ट्झ वारंवारता. औष्णिक केंद्रातील बहुतेक मोठी जनित्रे मिनिटाला ३,००० फेरे घेतात, सेकंदाला पन्नास. एका जाळ्यात जोडलेली सर्व जनित्रे जणू एकाच जुवाला जुंपलेली असतात आणि त्यांना परस्परांच्या लयीतच फिरावे लागते.

मोठ्या प्रमाणावर वीज साठवून ठेवणे सोपे नसते. त्यामुळे देशात जितकी वीज त्या क्षणी वापरली जाते, जवळजवळ तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर चढावर लागलेल्या सायकलस्वाराप्रमाणे जनित्रांची गती मंदावते व वारंवारता ५०च्या खाली येते. मागणी घटली तर उतारावरील सायकलप्रमाणे गती वाढते. म्हणूनच भार प्रेषण केंद्रांतील कर्मचाऱ्यांची नजर अहोरात्र एका आकड्यावर असते. देशात २०१४ पासून वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. १९९०च्या दशकात ती ४९च्या खाली जाणे हे अप्रूप नव्हते.

वारंवारता फारच खाली गेली, तर टर्बाइनच्या पात्यांना धोका पोहोचू नये म्हणून वीजकेंद्रे आपणहून जाळ्यातून बाहेर पडतात. त्यामुळे निर्मिती आणखी घटते आणि वारंवारता आणखी घसरते. काही क्षणांत सारे जाळे कोलमडते. ते टाळण्यासाठी काही भागांचा पुरवठा स्वयंचलितपणे तोडून उर्वरित जाळे वाचवण्याची व्यवस्था असते.

बिना–ग्वाल्हेर वाहिनीवर काय घडले

२०१२च्या जुलैमध्ये पाऊस लांबला होता. उत्तरेकडील राज्यांत उकाडा होता, शेतीपंप चालू होते आणि ही राज्ये ठरलेल्या वाट्याहून अधिक वीज ओढत होती. पश्चिम क्षेत्रात त्या वेळी मागणी कमी होती. साहजिकच पश्चिमेकडून उत्तरेकडे विजेचा मोठा ओघ सुरू होता. देखभाल आणि सुधारणांच्या कामामुळे या दोन क्षेत्रांना जोडणाऱ्या काही वाहिन्या बंद होत्या, आणि सारा ताण ४ लाख व्होल्टच्या बिना–ग्वाल्हेर वाहिनीवर आला होता.

भार वाढल्याने या वाहिनीतील धारा वाढली आणि दाब घटला. दाबाला धारेने भागले असता येणारे उत्तर लहान होत गेले. एका क्षणी ते इतके लहान झाले, की संरक्षक रिलेला वाहिनीवर बिघाड झाल्याचा भास झाला. प्रत्यक्षात तो केवळ अतिभार होता. गणित बरोबर होते, निष्कर्ष चुकला. वाहिनी तुटताच तिच्यावरील वीज पूर्व क्षेत्राचा वळसा घेऊन उत्तरेकडे धावू लागली. तिथल्या वाहिन्याही एकामागून एक बाहेर पडल्या आणि उत्तर क्षेत्र एकाकी झाले. त्याची मागणी निर्मितीहून कितीतरी अधिक होती. वारंवारता घसरली आणि भार आपोआप तोडण्याची यंत्रणा पुरेशी चालली नाही. दुसऱ्या दिवशीही आरंभ याच वाहिनीपासून झाला. या वेळी पूर्व आणि ईशान्य क्षेत्रेही सोबत कोसळली.

महाराष्ट्राचा समावेश असलेले पश्चिम क्षेत्र वेळीच अलग झाल्याने वाचले. दक्षिण क्षेत्र त्या काळी इतरांशी फक्त दिष्ट धारेच्या दुव्यांनी जोडलेले होते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील १,००० मेगावॅटचा दुवा त्यांपैकी एक. तिथे प्रत्यावर्ती धारेचे दिष्ट धारेत आणि लगेच पुन्हा प्रत्यावर्ती धारेत रूपांतर होते. वीज पलीकडे जाते, वारंवारतेची डळमळ जात नाही. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७ लाख ६५ हजार व्होल्टच्या वाहिनीने दक्षिण क्षेत्रही उर्वरित देशाशी एकाच लयीत जोडले गेले.

अंधारातून पुन्हा उजेडाकडे

कोसळलेले जाळे एका बटणाने सुरू होत नाही. औष्णिक केंद्रातील पंप, पंखे आणि कोळसा दळणाऱ्या चक्क्या चालवण्यासाठीच वीज लागते. म्हणजे वीज निर्माण करण्यासाठी आधी वीज हवी. येथे जलविद्युत केंद्रे उपयोगी पडतात. छोट्या डिझेल जनित्राच्या मदतीने दरवाजे उघडले, की पाण्याच्या जोरावर ती काही मिनिटांत सुरू होऊ शकतात. त्यांची वीज जवळच्या औष्णिक केंद्राला देऊन, थोडी मागणी आणि थोडी निर्मिती अशी जोडी जुळवत जाळे पुन्हा विणावे लागते.

जलविद्युतेची हीच चपळाई ५ एप्रिल २०२० रोजी कामी आली. टाळेबंदीच्या काळात त्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी घरातील दिवे मालवण्याचे आवाहन करण्यात आले होते. देशाची मागणी थोड्या वेळात सुमारे ३१ हजार मेगावॅटने घटली; ही घट अंदाजाच्या दुपटीहून अधिक होती. जलविद्युत केंद्रांनी २५ मिनिटांत सुमारे साडेसतरा हजार मेगावॅट निर्मिती उतरवली आणि दिवे लागताच पुन्हा चढवली. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली आणि जाळे शाबूत राहिले.

सूर्यास्तानंतरचा प्रश्न

३० मे २०२४ रोजी देशाची वीजमागणी २५० गिगावॅटवर पोहोचली. जानेवारी २०२५ अखेर सौरऊर्जेची स्थापित क्षमता १०० गिगावॅटपलीकडे गेली. हा स्वागतार्ह बदल तोलाचे गणित मात्र अधिक अवघड करतो. सौर पट्टिका दिष्ट धारा देतात. त्यांत शेकडो टनांचे फिरते चाक नसते. जनित्रांची अशी अवजड चाके अचानक आलेला धक्का काही क्षण आपल्या गतीत सामावून घेतात आणि इतर यंत्रणांना सावरण्यास अवधी मिळतो. शिवाय सूर्य मावळतो तेव्हाच घराघरांतील दिवे लागतात. त्या तासाभरात मोठी निर्मिती दुसरीकडून उभी करावी लागते.

यावर एक उपाय म्हणजे पाणी पुन्हा वर चढवणे. महाराष्ट्रातील घाटघर येथील २५० मेगावॅटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर उपसले जाते आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज निर्माण केली जाते. उपसण्यास लागणारी वीज परत मिळणाऱ्या विजेहून अधिक असते. परंतु हवी त्या घटकेला वीज उपलब्ध होणे, हे तिचे मोल आहे. मोठ्या विद्युतघटांची जोडही आता दिली जात आहे.

घरातील दिव्याचे बटण दाबले, की शेकडो किलोमीटर दूरचे एखादे जनित्र अणुमात्र मंदावते आणि लगेच सावरले जाते. ही सावरासावर दिवसरात्र, क्षणोक्षणी चालू असते. ती सुरळीत असते तोवर तिची जाणीवही होत नाही. २०१२च्या जुलैमधील दोन दिवसांनी ती साठ कोटी लोकांना करून दिली.