‘अंकीय’ विवर्धक कितपत अंकीय?

घरगुती संगीतश्रवणाच्या उंची यंत्रणांत ज्या विवर्धकास आज ‘डिजिटल’ हे विशेषण सर्रास लावले जाते, तो वस्तुतः ‘डी’ वर्गाचा विवर्धक होय. ‘डी’ हे ‘डिजिटल’ या शब्दाचे आद्याक्षर असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ ही अक्षरे पूर्वीच्या वर्गांनी घेतल्यावर पुढच्यास पुढचे अक्षर मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न केवळ नावाचा असता, तर त्याच्या चर्चेचे कारण नव्हते. पण अंकीय यंत्रणेत किरकोळ दोष आपोआप पुसले जातात, हे आता सर्वांच्या परिचयाचे आहे, आणि नावामुळे तोच गुण या विवर्धकाच्या पदरी टाकला जातो. तो त्याच्या ठायी आहे काय, हे ठरविण्यासाठी त्याची घटना पाहावयास हवी.

पंख्याचा जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर हाताला गरम लागत असे. पंख्याला नको असलेला विद्युत् दाब तो स्वतःवर घेई आणि तेवढ्या विजेची उष्णता होई. ‘ए’ व ‘बी’ वर्गांच्या विवर्धकांतील ट्रँझिस्टर असेच वागतात. ते पूर्ण उघडे नसतात वा पूर्ण बंदही नसतात. ‘ए’ वर्गाची कार्यक्षमता तत्त्वतःही ५० टक्क्यांवर जात नाही, आणि संगीत थांबले असतानाही तो तापतच राहतो. ‘बी’ वर्गाची सैद्धांतिक मर्यादा ७८.५ टक्के आहे. परंतु ती पूर्ण शक्तीच्या वेळची. संगीताची सरासरी पातळी त्याहून पुष्कळच खाली असल्याने प्रत्यक्षातील आकडा बराच उतरतो.

‘डी’ वर्गात ट्रँझिस्टर हा केवळ खटका असतो. खटका बंद असेल तर त्यातून प्रवाह नाही, चालू असेल तर त्यावर दाब नाही. त्यामुळे दोन्ही स्थितींत उष्णता नाममात्र. मूळ ध्वनिसंकेताची एका अतिजलद त्रिकोणी तरंगाशी सतत तुलना केली जाते. संकेत वरचढ असेल तोवर एक खटका चालू, नाही तर दुसरा. त्यामुळे सारख्या उंचीच्या पण कमीअधिक रुंदीच्या स्पंदांची माळ निर्माण होते, आणि या रुंदीतच संगीत साठविलेले असते. शेवटी तारेचे वेटोळे व कंडेन्सर यांची गाळणी स्पंदांची सरासरी काढून ध्वनिक्षेपकास देते. माणसाच्या कानाची धाव दर सेकंदास २०,००० कंपनांपर्यंत. स्पंद मात्र सेकंदास चार लाखांच्या आसपास असतात, म्हणून त्यांना गाळून टाकता येते. अशा विवर्धकाची कार्यक्षमता पूर्ण शक्तीच्या वेळी ९० टक्क्यांवर जाऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. अंक म्हटला की त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. सहा किंवा सात, साडेसहा नव्हे. स्पंदाच्या रुंदीला अशा पायऱ्या नसतात. ती वाटेल तेवढी असू शकते, म्हणजे ती सतत राशी आहे. स्पंदाची उंचीही अंकीय नव्हे. ती वीजपुरवठ्याच्या दाबाइतकी असते, आणि तो दाब डळमळला तर संगीतही तितकेच डळमळते. काळाचा हिशेब याहून कठोर आहे. सेकंदास चार लाख स्पंद धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २,५०० नॅनोसेकंद येतात. दोन खटके एकाच क्षणी चालू राहिले तर पुरवठ्याचे ध्रुव थेट जोडले जातील, म्हणून एक बंद होणे व दुसरा चालू होणे यांत थोडे अंतर ठेवावे लागते. ते अवघे २५ नॅनोसेकंद असले तरी कालावधीचा शंभरावा भाग झाला. याउलट सीडीची तबकडी ६५,५३६ पायऱ्यांची अचूकता सांगते. तिच्या तोडीची रुंदी हवी असेल, तर एक पायरी ०.०३८ नॅनोसेकंदाची होईल. तेव्हा दोष येथे पुसले जात नाहीत. ते कानापर्यंत जाऊ शकतात.

या अडचणींचा इतिहास जुना आहे. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने १९६४ मध्ये ‘एक्स-१०’ हा या वर्गाचा विवर्धक सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकावयास काढला. नावात दहाचा आकडा असला तरी शक्ती २.५ वॅटच्या आसपासच मिळे. त्या काळच्या ट्रँझिस्टरांकडून इतकी चपळाई होण्यासारखी नव्हती. अधिक चपळ शक्तिशाली ट्रँझिस्टर आल्यावर १९७८ मध्ये सोनीने ‘टीए-एन८८’ हा विवर्धक बाजारात आणला.

खरोखरच अंकीय म्हणावा असा प्रयत्न डेन्मार्कमध्ये झाला. लार्स रिस्बो व पीटर लिंगडॉर्फ यांच्या प्रयत्नांतून १९९८ च्या सुमारास ‘टॅक्ट मिलेनियम’ हा विवर्धक निघाला. त्यात तबकडीवरील अंकांपासूनच स्पंदांच्या रुंदीचे गणित केले जाई. हे सरळपणे करू म्हटले तर सेकंदास ४४,१०० नमुने आणि प्रत्येकाच्या ६५,५३६ पायऱ्या, म्हणजे २८९ कोटी ठोक्यांचे घड्याळ लागेल! म्हणून नमुन्यांची संख्या वाढवून पायऱ्या कमी करावयाच्या, व त्यामुळे उत्पन्न होणारा गोंगाट कानापलीकडच्या कंप्रतांत ढकलावयाचा, ही युक्ती योजावी लागते. आवाज लहानमोठा करण्यासाठी मिलेनियममध्ये वीजपुरवठ्याचा दाबच बदलीत. कल्पना देखणी खरी. पण अंक संपून खटका सुरू झाला की पुढे जे घडेल त्यावर लक्ष ठेवणारे अशा रचनेत कोणी नव्हते.

ते लक्ष ठेवण्याचे साधन म्हणजे ऋण पुनःप्रदाय, अर्थात निगेटिव्ह फीडबॅक. बाहेर पडलेल्या संकेताचा अंश मागे आणून मूळाशी ताडून पाहावयाचा आणि फरकाइतकी दुरुस्ती करावयाची, ही हॅरॉल्ड ब्लॅक यांची १९२७ मधील कल्पना. ‘डी’ वर्गात हा अंश गाळणीच्या पुढून घेणे इष्ट, कारण गाळणीचे वर्तन जोडलेल्या ध्वनिक्षेपकाप्रमाणे बदलते. परंतु गाळणीतून जाताना उच्च कंप्रतांना एवढा विलंब होतो की दुरुस्तीच उलटी पडून विवर्धक स्वतःच कंप पावू लागतो. फिलिप्समध्ये काम करीत असताना ब्रूनो पुट्झेयस यांनी २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत या दोषाचाच उपयोग करून घेतला. विवर्धकास कंप पावू दिले आणि त्या कंपनालाच खटक्याची चाल ठरविली; त्रिकोणी तरंगाची गरजच उरली नाही. या मंडलात अंक कोठेही नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे रिस्बो व लिंगडॉर्फ हेच पुट्झेयस यांच्यासमवेत ‘प्युरिफाय’ या डॅनिश कंपनीत एकत्र आले, आणि २०१९ मध्ये तेथून निघालेल्या विवर्धकातही याच जातीचा, स्वकंपनावर चालणारा पुनःप्रदाय आहे.

येथवर मजल गेल्यावर पूर्वी ज्यांच्याकडे पाहण्याचे कारण नव्हते असे दोष पुढे आले. गाळणीतील वेटोळ्याचा चुंबकीय गाभा प्रवाहाच्या मागे किंचित रेंगाळतो व त्याची विकृती मोजता येते. तिच्यावरही आता काम झाले आहे. अंकीय संकेत घेण्याची सोय असलेल्या अनेक यंत्रांत तर आत येताच त्या अंकांचे सतत बदलणाऱ्या विद्युत् दाबात रूपांतर होते, आणि ‘डिजिटल’ म्हणून विकला जाणारा विवर्धक त्यानंतरच आपल्या कामास लागतो.