अर्धा वर आलेला हात

उपनगरातल्या एका सभागृहात युक्रेनच्या युद्धावर व्याख्यान होतं. सभागृह भरलेलं, मागे भिंतीला टेकून माणसं उभी. वक्ता तयारीचा होता आणि तळमळीनं बोलला. पण दीपप्रज्वलन, परिचय, शाल-श्रीफळ आणि दोन मनोगतं यांत पाऊण तास गेला होता. शेवटी निवेदकानं जाहीर केलं की वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत. माझ्या शेजारच्या आजोबांनी वहीत प्रश्न लिहून आणले होते. त्यांनी वही मिटली, पिशवीत ठेवली आणि चपला शोधायला उठले. मला मात्र ते प्रश्न काय असतील हा विचार सोडेना. जिथे प्रश्न विचारणं हा अभ्यासाचाच भाग आहे तिथे अशी व्याख्यानं कशी होतात हे बघायचं मी ठरवलं.

घाटकोपरहून कुर्ला आणि कुर्ला पश्चिमेहून बसनं कलिना. मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत शिरलं की बाहेरचे हॉर्न मागे पडतात. इथला नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग 1948चा, आफ्रिकन अभ्यास केंद्र 1971चं. जगाच्या राजकारणावर बोलणारा पाहुणा इथे मिळणं तसं अवघड नाही. वांद्रे-कुर्ला संकुल जवळच आहे. अमेरिकेची वकिलात 2011मध्ये ब्रीच कँडीहून तिथे आली, इतरही काही देशांची कार्यालयं तिथे आहेत. शिवाय परराष्ट्र मंत्रालय 2010पासून निवृत्त राजदूतांना देशभरातल्या विद्यापीठांत व्याख्यानांसाठी पाठवतं. आयुष्यभर बंद दाराआड वाटाघाटी केलेली ही माणसं विशीतल्या मुलांसमोर उभी राहतात, हा उपक्रम मला मनापासून आवडतो.

व्याख्यान दुपारी तीनचं होतं आणि सूचनाफलकावर ‘सर्वांसाठी खुले’ असं लिहिलं होतं. दुपारी तीनला मुलुंडचा बँक कारकून किंवा अंधेरीच्या एमआयडीसीतला कामगार कसा येणार, हा प्रश्न मला तिथेच पडला.

अडीचला सभागृहात शिरले तर ताज्या फ्लेक्सचा वास भरून राहिला होता. फ्लेक्स टांगला जात होता. खुर्च्या पुसून झाल्या, पाण्याच्या बाटल्या मांडल्या, लॅपटॉप जोडला गेला. हे सगळं करणाऱ्या गृहस्थांना विद्यार्थी ‘मामा’ म्हणत होते. पन्नाशी ओलांडलेले, खिशात दोन जादा सेल आणि काळ्या चिकटपट्टीचं रीळ. पाहुण्यांच्या माईकपेक्षा हातात धरायच्या कॉर्डलेस माईककडे त्यांचं जास्त लक्ष होतं. त्यांनी तो सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत नेऊन तपासला.

“मॅडम, स्टेजवरचा माईक बिघडला तर साहेब मोठ्यानं बोलतात,” मामा म्हणाले. “पण पोराच्या हातातला बंद पडला तर पोरगं खाली बसतं. परत उठत नाही.”

किती मुलं प्रश्न विचारतात, असं मी विचारलं. त्यांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. “चाळीसांत चार. वक्ता कोणीही असू दे, विषय कुठलाही असू दे. चाळीसांत चार.”

पाहुणे निवृत्त राजदूत होते, विषय भारत आणि शेजारी देश. सत्कार पाच मिनिटांत आटोपला. इंग्रजीत ते चाळीसेक मिनिटं बोलले आणि चांगलं बोलले. गंगेच्या पाणीवाटपाचा बांगलादेशाशी झालेला करार 12 डिसेंबर 1996चा, मुदत तीस वर्षांची, म्हणजे 2026च्या डिसेंबरपर्यंतची. 2015 साली 31 जुलैच्या मध्यरात्री दोन्ही देशांनी सीमेपलीकडे अडकलेल्या आपापल्या वस्त्यांची अदलाबदल केली, भारताच्या 111 आणि बांगलादेशाच्या 51. वर्षानुवर्षं त्या लोकांना ना शाळा, ना दवाखाना, ना ओळखपत्र. नकाशावरच्या त्या ठिपक्यांत माणसं राहत होती हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की पुढच्या रांगेतली मुलगी लिहायची थांबली.

मग विभागाच्या प्राध्यापक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “प्रश्न मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, कसेही विचारा. सरांपर्यंत पोहोचवायचं काम माझं.”

पहिला प्रश्न म्हणजे एका ज्येष्ठ श्रोत्याचं छोटं भाषणच होतं. बाईंनी ते अदबीनं आवरतं घेतलं. दुसरा सार्कविषयी होता. 2014च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर परिषद झालेलीच नाही, मग ती संघटना जिवंत आहे असं म्हणायचं का? तिसरा चीनवर, चौथा व्हिसावर. चार झाले.

त्या वेळी मी मामांकडे बघत होते. ते वक्त्याकडे बघतच नव्हते, भिंतीकडेनं सावकाश चालत श्रोत्यांचे हात बघत होते. खिडकीजवळ चौथ्या रांगेत एका मुलानं पेनाला टोपण लावलं, पाठ ताठ केली, कोपर बाकावरून जरासं उचललं आणि परत टेकवलं. मामा जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. काही बोलले नाहीत, माईकही पुढे केला नाही, नुसते उभे राहिले. मुलानं वर पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं. मग हात अर्धा वर आला आणि मामांनी त्यात माईक ठेवला.

मुलगा निफाडकडचा, एम.ए.चे पेपर मराठीत लिहिणारा. आवाज सुरुवातीला फुटत नव्हता. “सर, 2023च्या डिसेंबरात सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा आमचा लाल कांदा काढणीला आला होता. भाव पडला, तो तोटा आम्ही सोसला. पण बांगलादेशात जो व्यापारी आमचा कांदा घेत होता, त्यानं पुढच्या वर्षी आमच्यावर भरवसा का ठेवायचा? ह्याला परराष्ट्र धोरण म्हणतात की नाही?”

सभागृहात कुजबुज थांबली. बाईंनी प्रश्न इंग्रजीत सांगितला, एकही कंगोरा न घासता. राजदूतांनी समोरची टिपणं बाजूला सारली.

त्यांनी 2019ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी 29 सप्टेंबरला भारतानं कांद्याची निर्यात थांबवली आणि त्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या सभेत त्या हसत हसत हिंदीत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला कांद्याशिवायच जेवण करायला सांगितलंय, आणि आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. लोक हसले, पण तक्रार खरी होती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2020मध्ये, पुन्हा बंदी आली. 2023च्या बंदीत बांगलादेशासाठी 50,000 टनांची वेगळी परवानगी निघाली ती मार्च 2024मध्ये, आणि निर्यात खुली झाली 4 मे रोजी, तीही किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. शेजारी देश करारांची कलमं वाचतो तशी आपली ही सवयही वाचतो, असं राजदूत म्हणाले. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्पष्ट दिलं: हो, हे परराष्ट्र धोरणच आहे.

चाळीस मिनिटांच्या भाषणात कांदा नव्हता. त्याच वक्त्याकडे ही सगळी माहिती होती, पण ती बाहेर आली निफाडच्या मुलाच्या प्रश्नामुळे. लासलगावच्या बाजारातला भाव आणि ढाक्यातल्या स्वयंपाकघरातला भाव एका दोरीनं बांधलेले आहेत हे त्या खोलीत दोनच माणसांना नीट ठाऊक होतं, आणि त्यातला एक बोलला नसता तर दुसरा गप्पच राहिला असता.

नंतर चहाच्या वेळी मामा माईकमधले सेल काढून डबीत ठेवत होते. “आज पाच,” एवढंच म्हणाले. मी विचारलं, त्या मुलाला विचारायचंय हे तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, विचारणाऱ्याचं लिहिणं आधी थांबतं.

भाषणापेक्षा प्रश्नच जास्त लक्षात राहतो. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा 7 नोव्हेंबर 2010 रोजी सेंट झेवियर्स कॉलेजात मुंबईच्या विद्यार्थ्यांसमोर आले होते. त्यांचं प्रास्ताविक आज कोणाला आठवत असेल असं वाटत नाही. एका मुलीनं त्यांना विचारलं होतं की अमेरिका पाकिस्तानला दहशतवादी राष्ट्र का म्हणत नाही. तो प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत होता आणि अजूनही सांगितला जातो.

व्याख्यानं ऐकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाला 2023मध्ये शंभर वर्षं झाली. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत व्याख्यान ऐकायला येणारा मराठी माणूस आजही आहे आणि तो मन लावून ऐकतो. ऐकण्याची शिस्त आपण दीडशे वर्षं जोपासली आहे. पण श्रोत्याला बोलतं करण्याचं काम आपण कोणावर सोपवलेलंच नाही. कलिन्यात ते काम एक प्राध्यापक बाई आणि एक मामा करतात, आणि चाळीसांत चार हा आकडा एखाद्या दुपारी एकानं का होईना वाढतो. मामांच्या नेमणूकपत्रात या कामाचा उल्लेख असेल असं मला वाटत नाही. त्या सभागृहातलं सगळ्यांत मोलाचं काम मात्र तेच होतं.

अशी व्याख्यानं ठरवणाऱ्या विद्यापीठांना, महाविद्यालयांना आणि उपनगरातल्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. महिन्यातलं निदान एक व्याख्यान संध्याकाळी साडेसहानंतर ठेवा. सत्कार पाच मिनिटांत उरका. अर्धा तास प्रश्नांसाठी राखा आणि तो कशासाठीही कापू नका. प्रश्न मराठीतून विचारता येतील हे निमंत्रणातच छापा. आणि वाचकहो, तुमच्या रेशनचा, पेट्रोलचा, परदेशी गेलेल्या मुलाच्या व्हिसाचा जो काही प्रश्न असेल, तो घेऊन अशा व्याख्यानाला जा आणि उभं राहून विचारा.