एक मजकूर, अनेक प्रती

इंदिरानगरच्या टपालपेटीत आपण बर्नला जाणारे पत्र टाकले, तर त्यावर स्विस तिकीट लागत नाही. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेले आपले तिकीट पुरते. १८७४ साली बर्न येथेच तसा करार झाला आणि १८७६ मध्ये भारत त्यात आला. साऱ्या जगाचे एकच टपालखाते कोणी काढले नाही. प्रत्येक देशाने आपले खाते आपल्या नियमांनी चालवावे, दुसऱ्याचे पत्र मात्र पोचवावे, एवढेच ठरले.

समाजमाध्यमे बहुधा याच्या उलट असतात. फेसबुक किंवा एक्सवर सारी पत्रे एकाच मालकाच्या कोठारात राहतात. गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद केले, तेव्हा तेथल्या गप्पांचे अड्डे एकदमच उठले. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद केले. त्यामुळे नाराज झालेले अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. जर्मनीतील ऑयगेन रोश्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले हे माध्यम मात्र एका कोठाराचे नाही. ते हजारो स्वतंत्र सर्व्हरांचे मिळून बनते. एकमेकांशी बोलण्यासाठी हे सर्व्हर 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' नावाचे नियम पाळतात. २०१८ मध्ये या नियमांना प्रमाण म्हणून मान्यता मिळाली.

हे कसे चालते ते पाहू. समजा, इंदिरानगरातील एका शाळेचा असा सर्व्हर आहे. भूगोलाच्या सरांनी गंगापूर धरणाच्या सहलीचा मजकूर, मुलांच्या फोटोसह, त्यावर टाकला. त्यांचे वाचक कोल्हापूर आणि बेळगावच्या सर्व्हरांवर आहेत. नाशिकचा सर्व्हर त्या दोघांकडे मजकूर पाठवतो. सोबत तो खरोखर सरांचाच आहे हे पटवणारी सांकेतिक सही असते. कोल्हापुरात चाळीस वाचक असले, तरी तेथे एकच प्रत गेली की भागते. ज्या सर्व्हरवर सरांचा एकही वाचक नाही, तेथे सहसा काहीच जात नाही. त्यामुळे गंमत अशी होते की एकाच मजकुराखाली नाशिकला सात उत्तरे दिसतात आणि बेळगावला दोनच. पूर्ण चित्र कोणाकडेच नसते.

आता एका पालकांनी फोटोला हरकत घेतली आणि सरांनी मजकूर पुसला. नाशिकची प्रत गेली. इतर सर्व्हरांना 'पुसून टाका' असा निरोप जातो आणि बहुतेक जण तो पाळतात. पण एखादा त्या वेळी बंद असेल, किंवा त्याच्या चालकाने आपल्या प्रणालीत फेरफार केला असेल, तर फोटो तेथे राहतो. टाकलेले पत्र परत मागता येते, पण पोचलेले मिळेलच असे नाही! मुलांचे फोटो टाकण्याआधीच पालकांना विचारावे, असे आम्हाला वाटते ते यामुळेच.

सगळीच माहिती मात्र बाहेर जात नाही. आपला ई-मेल पत्ता आणि परवलीचा शब्द आपल्याच सर्व्हरवर राहतो. मॅस्टोडॉनवरील खाजगी निरोप कुलूपबंद नसतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोन्हीकडच्या सर्व्हरचालकांनी मनात आणले, तर ते वाचू शकतात. म्हणजे मालक गेला, तरी विश्वास कोणावर तरी ठेवावाच लागतो, आणि हा 'कोणी' बहुधा फावल्या वेळात सर्व्हर सांभाळणारा एखादा हौशी माणूस असतो.

वाईट शेजाऱ्याचे काय करायचे? २०१९ मध्ये द्वेषपूर्ण मजकुरासाठी बदनाम झालेल्या 'गॅब' या संकेतस्थळाने मॅस्टोडॉनचीच मुक्त प्रणाली वापरायला घेतली. त्याला कोणी बंद करू शकत नव्हते. मग अनेक सर्व्हरांनी त्याच्याकडून येणारे काहीही घेणे थांबवले. गॅब चालूच राहिले, पण या मंडळींपुरते एकटे पडले. सर्व्हर बदलायचा झाला तर वाचक नव्या पत्त्यावर नेता येतात. जुना मजकूर मात्र मॅस्टोडॉनवर मागेच राहतो.

वर्गात हे करून पाहता येईल. चार बाकांना चार सर्व्हर माना. एका बाकाने चिठ्ठी लिहून, कार्बन लावून, हव्या त्या बाकांना प्रती द्याव्यात. मग ती चिठ्ठी परत घ्यायला सांगा, आणि एका बाकाला आधीच कानात सांगून ठेवा की तुम्ही द्यायची नाही.