खारपाणपट्ट्यातली धुलाई

संपादकांनी पाठवलं होतं पाण्याच्या एटीएमवर लिहायला. वऱ्हाडातल्या दर्यापूरच्या पुढे एका गावात पोचलो, तर एटीएमला कुलूप आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक गृहस्थ ताणकाट्याला पांढरी नळी टांगून वजन करताहेत. नळी म्हणजे आरओचं मेम्ब्रेन. चार इंच जाड, चाळीस इंच लांब. एटीएमचा विषय तिथंच सुटला.

"नवं असते तवाचं वजन मी लिहून ठेवतो," ते म्हणाले. "निथळू द्याचं, मंग तोलाचं. जड भरलं का समजा, आत चुना बसला."

आसपासच्या गावांतले प्लांट ते सांभाळतात. नाव छापू नका, म्हणाले. "धुऊन चाललं त नवीन कोन घेईन, भाऊ? विकनाऱ्यायले राग येते."

खारपाणपट्टा वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगावा लागतो. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटर जमिनीखालचं पाणी खारट आहे. वर काळी कसदार माती, खाली तोंडात धरवत नाही असं पाणी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरी सोयच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्यावेत. इथल्या कितीतरी विहिरी-बोअर त्याच्याही पलीकडे जातात. शहानूर धरणाचं पाणी दर्यापूर-अंजनगावकडे, वानचं अकोट-तेल्हाऱ्याकडे नळानं येतं. पण नळ रोज येत नाही, आणि बोअर बारा महिने असते. म्हणून आरओ.

इतिहास थोडक्यात उरकतो. कॅलिफोर्नियात लोब आणि आपले सौरीराजन यांनी 1960 च्या सुमारास कामाचं पहिलं मेम्ब्रेन बनवलं. 1965 साली ते कोअलिंगा गावात बसलं. हे गाव समुद्रापासून आत, पाणी खारं, पूर्वी पिण्याचं पाणी रेल्वेनं यायचं. लातूरकरांना 2016 ची पाण्याची रेल्वे आठवेल. पुढे सत्तरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा पापुद्रा आणला. तोच आज जवळजवळ सगळ्या आरओंत आहे.

शेडमध्ये एक मेलेलं मेम्ब्रेन उभं चिरून ठेवलं होतं. उलगडल्यावर आत पानंच पानं, पुस्तकाच्या बांधणीसारखी मधल्या नळीला चिकटलेली. हाताला लागतं ते पॉलिएस्टरचं कापड. त्याच्यावर आधाराचा थर, आणि त्याच्यावर खरं काम करणारा पापुद्रा, केसाच्या तीनशे-चारशेव्या भागाएवढा. एका टोकाच्या पानांवर तपकिरी बुळबुळ होती, दुसऱ्या टोकाला बोटाला रवाळ लागणारा पांढरा थर. बुळबुळ पाणी आत शिरतं त्या बाजूला, चुना बाहेर पडतं त्या बाजूला. क्षार तिकडेच दाटतात.

धुलाईचा क्रम ठरलेला. आधी कोमट पाण्यात कॉस्टिक, बुळबुळीसाठी. मग सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, चुन्यासाठी. उलट केलं तर काही घाण ॲसिडनं आणखी घट्ट बसते. पाणी जोरात फिरवायचं, पण दाब कमी ठेवायचा, नाहीतर सुटलेला मळ पुन्हा पापुद्र्यावर दाबला जातो. मध्ये तासभर भिजत ठेवायचं. त्या तासात त्यांनी चहा मागवला आणि मला ती गोष्ट सांगितली जिच्यासाठी हा लेख लिहितोय.

गावच्या टाकीत जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकतो. टाकायलाच हवी, क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पाणी पिवळं आलं नाही तर गाव आजारी पडेल. पण पॉलिअमाइडला क्लोरीन म्हणजे वाळवी. वाटेत कार्बनची टाकी ते शोषून घेते. कार्बन थकला, बदलायचा राहिला, की क्लोरीन पापुद्र्याच्या रेणूंना जाऊन चिकटतं. तेव्हा फारसं काही दिसत नाही. महिन्यांनी धुलाई निघते, कॉस्टिक आत जातं आणि क्लोरीननं पोखरलेले बंध तोडतं. पाणी धो-धो यायला लागतं, सगळे खूश. मग क्षार मोजणारं टीडीएस मीटर लावतात, आणि आकडा चढलेला असतो.

"मंग म्हणतात, यानंच मेम्ब्रेन खाल्लं," ते म्हणाले. आता ते धुण्याआधी कार्बननंतरच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकतात. पिवळं दिसलं तर आधी कार्बन बदला म्हणतात, मेम्ब्रेनला हात लावत नाहीत. मला हा माणूस कुठल्याही पॅथॉलॉजिस्टच्या तोडीचा वाटला.

पोखरलेल्या पापुद्र्याला ठिगळ लावता येतं. टॅनिक ॲसिडचं विरळ द्रावण फिरवलं की बारीक फटी बुजतात, क्षार पुन्हा अडू लागतात. ड्यूपॉन्टच्या जुन्या मेम्ब्रेनांसाठी हा रीतसर उपचार होता. टॅनिन म्हणजे हिरड्यातला तुरटपणा, आणि हिरडा इथून जवळच मेळघाटात. ऐकून मी हरखलो. त्यांनी लगेच थंड केलं: काढा चालत नाही, शुद्ध पावडरच लागते. शिवाय ठिगळामुळे पाणी थोडं कमी येतं, आणि पुढच्या धुलाईला कॉस्टिक तेच ठिगळ धुऊन नेतं. प्रयोगशाळांत पापुद्र्यावर पाणी धरून ठेवणाऱ्या बहुवारिकांचे लेप देऊन पाहतात, म्हणजे मळ चिकटू नये. तिथंही अडचण हीच. लेप जाड केला तर पाणी अडतं, पातळ केला तर धुण्यात जातो.

शेडच्या मागे जुन्या मेम्ब्रेनांचा ढीग होता. फायबरग्लास, प्लास्टिक, डिंक एकत्र गुंडाळलेलं. भंगारवाला घेत नाही. स्पेनमध्ये अशा नळ्या तीव्र हायपोक्लोराइटमध्ये भिजवून पापुद्रा मुद्दाम काढून टाकण्याचे प्रयोग झालेत. उरतो तो गाळ आणि जंतू अडवणारा साधा गाळणा. बोअरच्या खाऱ्या पाण्याला त्याचा उपयोग शून्य. धरणाच्या गढूळ नळपाण्याला मात्र होऊ शकेल, आणि इथं दोन्ही पाणी एकाच गावात येतात. जिल्ह्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं हे हाती घ्यावं.

दुसरी अडचण ढिगापेक्षा मोठी. समजा बोअरचं पाणी 3,000 टीडीएसचं आणि निम्मं गोडं करून घेतलं. उरलेल्या निम्म्यात जवळजवळ सगळा क्षार, म्हणजे सुमारे 6,000. त्यात धुलाईचं पाणी. हे गृहस्थ निदान कॉस्टिक आणि ॲसिड एकमेकांत मुरवून, पट्टी बुडवून पाहून मगच सोडतात. सोडतात कुठं, म्हणून पाइपच्या कडेनं गेलो. शेडमागून बांधाच्या कडेला, बांधावरून नाल्यात. नाला इथल्या चंद्रभागेला मिळतो आणि चंद्रभागा पूर्णेला.