‘आय्. एन्. एस्.’ : खाते गेले, आद्याक्षरे उरली

‘आय्. एन्. एस्.’ ही आद्याक्षरे पाहताच मराठी वाचकास भारतीय नौदलाची ‘विक्रांत’ आठवते. अमेरिकेतील न्यायनिर्णयांत मात्र हीच अक्षरे सर्वस्वी निराळ्या अर्थाने येतात. तेथे ती ‘इमिग्रेशन अँड नॅचरलायझेशन सर्व्हिस’ या संघशासनाच्या खात्याची निदर्शक होत. आप्रवासन आणि देशीयकरण, म्हणजे परक्यास कायद्याने नागरिकत्व देणे, ही कामे पाहणारी दोन कार्यालये एकत्र करून १९३३ साली हे खाते श्रममंत्रालयात स्थापन झाले. १९४० मध्ये ते न्यायखात्याकडे गेले आणि १ मार्च २००३ रोजी त्याची कामे तीन नव्या संस्थांत वाटली गेली.

यांतील ‘सर्व्हिस’ हा शब्द फसवा आहे. ‘सेवा’ हे त्याचे भाषांतर शब्दशः चुकीचे नाही. परंतु नागरिकत्वाचा अर्ज मंजूर करणारे आणि अनधिकृत रहिवाशास पकडून देशाबाहेर धाडणारे खाते एकच होते, ही गोष्ट त्यात झाकली जाते. स्पॅनिशभाषक मजुरांनी ‘मिग्रासिओन’ या शब्दाची काटछाट करून बनविलेल्या ‘ला मिग्रा’ या नावात ती मुळीच झाकलेली नाही. सरकारी संक्षेप कागदावर राहिला. धाडीच्या वेळी ओरडून सांगायला हा दोन अक्षरांचा शब्दच सोयीचा! उत्तराधिकारी संस्थांपैकी ‘यू. एस्. सी. आय्. एस्.’ व ‘सी. बी. पी.’ यांचा उच्चार अक्षरशः होतो. तिसरीची आद्याक्षरे मात्र सलग ‘आइस’ अशी, बर्फवाचक शब्दाप्रमाणे, उच्चारली जातात. ‘आय्. एन्. एस्.’चा ‘इन्स’ असा उच्चार कधी रूढ झाला नाही.

खाते विसर्जित झाले तरी त्याचे नाव टाकून देता येत नाही. ‘आय्. एन्. एस्. विरुद्ध चढ्ढा’ या १९८३ च्या निर्णयाने संसदेच्या एकाच सभागृहास कार्यकारी निर्णय रद्द करण्याचा दिलेला अधिकार घटनाबाह्य ठरविला. हा निर्णय आजही त्याच नावाने उद्धृत होतो आणि तेथे नवे नाव घालणे ही चूकच ठरेल. उलटपक्षी, जुन्या पत्रातील ‘आय्. एन्. एस्.’चा आजचा वारस कोण, हे केवळ अक्षरांवरून कळत नाही. काम पाहावे लागते. अर्ज असेल तर पहिली संस्था, प्रवेशनाक्यावरील तपासणी असेल तर दुसरी, देशांतर्गत अटक असेल तर ‘आइस’. ज्याच्या हाती असे पत्र आहे त्याने अर्जाची चौकशी करण्यासाठी कोणते दार ठोठवावे, हे या अर्थनिर्णयावर अवलंबून असते.

अर्जांच्या क्रमांकांत तर जुने नाव अजून टिकून आहे. कायम वास्तव्याचा अर्ज ‘आय्-४८५’, नागरिकत्वाचा ‘एन्-४००’. येथे ‘आय्’ म्हणजे इमिग्रेशन, ‘एन्’ म्हणजे नॅचरलायझेशन. अमेरिकेतील मराठी कुटुंबांत हे क्रमांक घरगुती शब्दांसारखे बोलले जातात, आणि ‘एन्-४००’ स्वीकारणाऱ्या संस्थेच्या आजच्या नावात ‘एन्’ हे अक्षरच नाही.