फ्रान्समधील सनदी लेखापालांची अंतिम परीक्षा

फ्रान्समध्ये ‘एक्स्पेर-कोंताब्ल’, म्हणजे भारतातील सनदी लेखापालासारखा व्यावसायिक, होण्यासाठी ‘डीईसी’ ही अंतिम पदविका लागते आणि ती व्यावसायिक संस्था नव्हे, तर शासन देते. पदव्युत्तर दर्जाची ‘डीएससीजी’ पदविका आणि तीन वर्षांची सवेतन उमेदवारी पूर्ण केल्यावरच या परीक्षेला बसता येते. लेखापरीक्षणाच्या लेखी परीक्षेपेक्षाही खरा कस लागतो तो प्रबंधात, कारण आधी मंजूर करून घेतलेल्या विषयावर, उदाहरणार्थ मुरत ठेवलेल्या वाइनच्या साठ्याच्या मूल्यांकनावर, सहव्यावसायिकांना प्रत्यक्ष कामात उपयोगी पडेल असे लेखन करून परीक्षकांपुढे त्याचे समर्थन करावे लागते. ही अट अत्यंत रास्त आहे. पदविका मिळाली तरी व्यावसायिक परिषदेच्या नोंदपटात नाव दाखल झाल्याशिवाय स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही.